घरातल्या माजी सैनिकाचं आयुष्य नोंदींवरून कसं लिहावं?

कोयनाकाठ

सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या पट्ट्यात पलटणीत माणूस गेला नाही अशी भावकी विरळाच. १९६५ आणि १९७१ पाहिलेली पिढी आता ऐंशीच्या घरात किंवा त्याही पुढे आहे. माणूस गेला की पेपरात चार ओळी येतात: 'माजी सैनिक, मनमिळाऊ, पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे'. वर्षश्राद्धाला किंवा हयातीतच सहस्रचंद्रदर्शनाला घरगुती स्मरणिका काढतात, तिथे फौजेचा भाग ऐकीव आणि घरचा भाग नुसत्या विशेषणांचा असतो. खरं तर दोन्ही भाग नोंदींवरून लिहिता येतात. ते कसं, हे या धाग्यात एकत्र करू.

सुरुवात डिस्चार्ज बुकापासून, म्हणजे फौज सोडताना मिळालेल्या सेवापुस्तकापासून करा. ते ट्रंकेत, पेन्शनच्या पिशवीत नाहीतर जुन्या पासबुकांच्या गठ्ठ्यात सापडतं. त्यातून सेवाक्रमांक, भरतीची तारीख आणि ठिकाण, ट्रेड, प्रत्येक हुद्द्याची तारीख, पदकं, पत्नी-मुलांची नावं, फौज सोडल्याचं कारण आणि शेवटचा चारित्र्याचा शेरा जसाच्या तसा उतरवून घ्या. स्पेलिंग चुकलेलं दिसलं तरी दुरुस्त करू नका, कारण पुढे शोध त्याच स्पेलिंगवर लागतो.

कलर सर्व्हिस आणि रिझर्व्ह यांची वर्षं वेगळी मांडा. त्या काळी काही वर्षं प्रत्यक्ष पलटणीत आणि पुढची काही घरी राहून रिझर्व्हवर अशी भरती असे, आणि लढाई लागली की रिझर्व्हवाल्यांना बोलावणं येई. 'अमुक साली रिटायर झाले, मग ७१ ला कसे गेले?' हा घरोघरचा वाद इथेच मिटतो.

बुक लॅमिनेट करू नका. उष्णतेने शाई फिकी पडते, शिक्के चिकटतात आणि नंतर प्लास्टिक सुटत नाही. पानं सपाट ठेवून स्कॅन करा, आणि मूळ बुक सुती कापडात किंवा आम्लरहित कागदात ठेवा.

पुराभिलेख

डिस्चार्ज बुक नसेल तर त्या त्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करायचा. बहुतेक जण दिल्लीला पत्र पाठवतात आणि महिने वाया घालवतात. मराठा लाईट इन्फंट्रीचं अभिलेख कार्यालय बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं (लष्करी अभियंते) खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं (विद्युत आणि यांत्रिक अभियंते) सिकंदराबादला आहे. नौसैनिकांचं मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पला, हवाईदलाचं दिल्लीत सुब्रतो पार्कला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही नोंद असते, पण ती फौजेतून परतल्यानंतरची, आणि तीही माणसाने तिथे नाव नोंदवलं असेल तरच. तरी पहिली फेरी तिथेच मारा. अर्जाचा नमुना मिळतो आणि ते पत्र पुढे पाठवतात.

अर्जात काय मागायचं हे नीट लिहा. 'आजोबांची माहिती द्यावी' असं लिहिलं की 'उपलब्ध नाही' हेच उत्तर येतं. पेन्शन न मिळालेल्यांचा शीट रोल, म्हणजे तपशीलवार सेवानोंद, नियमाप्रमाणे २५ वर्षांनी नष्ट करता येतो, त्यामुळे अशा जुन्या माणसांचा बहुधा राहिलेला नसतो. पण लाँग रोल, म्हणजे थोडक्यात नोंदींचं रजिस्टर, कायम जपतात. तेव्हा अर्जात स्पष्ट लिहा: 'शीट रोल उपलब्ध नसल्यास लाँग रोलमधील नोंदीचा उतारा मिळावा'. त्यात नंबर, हुद्दा, नाव, वडिलांचं नाव, गाव, भरती आणि फौज सोडल्याची तारीख एवढं तरी मिळतं. सोबत मृत्यूचा दाखला, नातं दाखवणारा कागद आणि स्वतःच्या ओळखपत्राची प्रत जोडा. माहिती अधिकारातही मागता येतं. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मात्र वैयक्तिक माहिती म्हणून नाकारायला जागा असते, म्हणून त्या अर्जालाही वारस असल्याचा पुरावा लावा.

शोध अडतो तो बहुतेक वेळा जिल्ह्याच्या नावावर. १९४९ ते १९६० या काळात आजचा सांगली जिल्हा 'दक्षिण सातारा' होता. रायगड १९८१ पर्यंत कुलाबा. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीतच. कणकवलीच्या माणसाची नोंद 'जिल्हा रत्नागिरी' म्हणून असणार, आणि वाळव्याच्या माणसाची 'साउथ सातारा'. अर्जात दोन्ही नावं द्या. आडनावांचंही तसंच. जुन्या नोंदीत आडनाव कित्येकदा नसतंच, नाव आणि वडिलांचं नाव एवढंच असतं.

आणखी एक. माणूस जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) झाला की त्याचा नंबर बदलतो आणि 'जेसी' लागून नवा क्रमांक येतो. शिपाई असतानाचा नंबर आणि हा, दोन्ही लिहा. जुन्या कागदात 'जमादार' दिसलं तर तो आजचा नायब सुभेदार. १९६५ मध्ये नाव बदललं.

निशिगंध

बुक नाही, नंबरही माहीत नाही, फक्त पदकं आहेत, अशा वेळी काय करायचं?

टाकसाळ

पदकाची कड भिंगातून बघा. स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट ठोकलेलं असतं. तोच नंबर घेऊन अभिलेख कार्यालयाकडे जा. अक्षरं झिजलेली असतील तर बाजूने तिरपा उजेड टाकून मोबाइलने फोटो काढा, वाचता येतात. दुसऱ्या महायुद्धाचे पितळी रंगाचे सहा टोकांचे स्टार असतील तर त्यांची मागची बाजू बघा, भारतीयांना दिलेल्या स्टारवर तिथे नंबर आणि नाव ठोकलेलं असू शकतं. स्टार कोणता ते रिबनवरून ओळखायचं.

१९३९-४५ स्टारची रिबन गडद निळी, लाल आणि फिकट निळी. इटली स्टारची हिरवी-पांढरी-लाल. आफ्रिका स्टारची फिकट वाळूच्या रंगाची, मधोमध लाल पट्टा. बर्मा स्टारची गडद निळी, मध्ये लाल आणि नारिंगी. रिबन पन्नास वर्षांत कुणीतरी बदललेली असू शकते, म्हणून स्टारच्या मधल्या वर्तुळाभोवतीची अक्षरं वाचून खात्री करा.

पदक काय सांगतं आणि काय सांगत नाही, हे लिहिणाऱ्याला कळलं पाहिजे. नुसतं वॉर मेडल असेल तर १९३९ ते १९४५ दरम्यान किमान २८ दिवस नोकरी झाली, एवढंच सिद्ध होतं. इंडिया सर्व्हिस मेडल म्हणजे भारतातच तीन वर्षं. इटली स्टार असेल तर ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ दरम्यान त्या आघाडीवर होते. आफ्रिका स्टारमध्ये इरिट्रियाही येतो, म्हणजे १९४१ च्या केरेनच्या लढाईतल्या मराठा पलटणींचे लोकही त्यात बसतात. १९७१ साठी पूर्वी स्टार असेल तर पूर्व आघाडी, पश्चिमी स्टार असेल तर पश्चिम. फक्त संग्राम मेडल असेल तर त्या काळात सेवेत होते इतकंच म्हणता येतं. त्याने माणूस लहान होत नाही. आघाडीमागे गाड्या चालवणाऱ्यांशिवाय आणि लंगर चालवणाऱ्यांशिवाय पलटण हलत नाही. पण 'बांगलादेश युद्धात शौर्य गाजवले' असं छापायचं असेल तर आधार हवा.

अभय_बेळगाव

टाकसाळ यांच्या मुद्द्याला जोडून. पलटणीचा इतिहास म्हणजे माणसाचा इतिहास नव्हे, ही चूक स्मरणिकांमध्ये सगळ्यात जास्त होते. पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण, डिसेंबर १९७१ मध्ये जमालपूरला लढली. म्हणून जंगी पलटणीतला प्रत्येक माणूस तिथे होता असं होत नाही. कुणी बेळगावला रंगरूटांना शिकवत असेल, कुणी सुट्टीवर, कुणी दुसऱ्या युनिटला जोडलेला. आधी त्यांच्या तारखा मांडा, मग पलटणीच्या तारखा शेजारी ठेवा. जिथे जुळतात तिथे लिहा, जिथे जुळत नाहीत तिथे 'त्या वेळी पलटण अमुक ठिकाणी होती' एवढंच लिहा.

पलटणींचे क्रमांक बदलत गेले, तेही सांभाळा. १९२२ च्या फेररचनेत १०३ वी मराठा पाचव्या मराठाची (तेव्हा मराठा रेजिमेंटचाच क्रमांक पाच होता) पहिली पलटण झाली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी. दुसरीला आजही 'काळी पाचवी' म्हणतात आणि त्यावरून पाचवी पलटण समजून हमखास घोळ होतो. तिसरी पुढे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण झाली, डिसेंबर १९७१ मध्ये टांगाइलला उतरलेली तीच. तेव्हा '३/५ मराठा' आणि '२ पॅरा' हे एकाच माणसाच्या कागदांवर दिसलं तर ते विसंगत नाही.

दुसऱ्या महायुद्धातली माणसं असतील तर युनिटच्या वॉर डायऱ्या लंडनजवळ क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांच्या मालिका अशा: मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिका डब्ल्यूओ (वॉर ऑफिस) १६९, इटली डब्ल्यूओ १७०, ब्रह्मदेश डब्ल्यूओ १७२. त्यात शिपायाचं नाव क्वचितच येतं, पण पलटण कोणत्या दिवशी कुठे होती हे रोजच्या रोज मिळतं. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या यादीत शोधून उपयोग नाही. तिथे युद्धकाळात मृत्यू आलेल्यांच्याच नोंदी आहेत, परत आलेल्यांच्या नाहीत.

निशिगंध

पदकं काळी पडली आहेत. समारंभाला मांडायची तर ब्रासोने घासली तर चालतील ना?

टाकसाळ

नको. पॉलिशमध्ये अपघर्षक असतं. दर वेळी धातूचा थर जातो आणि पहिल्यांदा जाते ती कडेवरची अक्षरं, म्हणजे नेमकी आपल्याला हवी असलेली गोष्ट. मऊ कोरड्या सुती कापडाने धूळ पुसा. हाताळताना कडेला धरा, घामाचे ठसे धातूवर कायमचे बसतात. रिबन धुऊ नका, रंग उतरतो. फाटली असेल तर जुनी जपून ठेवा आणि मांडणीसाठी ३२ मिमी रुंदीची नवी लावा.

साठवणुकीत सगळ्यात वाईट म्हणजे पीव्हीसीचे मऊ पारदर्शक पाऊच. काही वर्षांत त्यातून चिकट हिरवट थर सुटतो आणि धातू खातो. कोकणातल्या दमट हवेत हे लवकर होतं. आम्लरहित कागदात एकेक गुंडाळून डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पुड्या पावसाळ्याच्या आधी आणि नंतर बदला.

रानजाई

काचेच्या चौकटीत लावली तर?

टाकसाळ

चालेल, पण गोंदाने चिकटवू नका. मागच्या कापडाला दोऱ्याने टाका. क्रम मूळ पट्टीवर होता तसाच ठेवा. चौकट थेट उन्हात आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर नको. समारंभात वारस पदकं लावणार असतील तर छातीच्या उजव्या बाजूला. डावी बाजू ज्याने ती मिळवली त्याची.

मेघना_वि

एक वेगळा मुद्दा आग्रहाने मांडते. नव्वद वर्षं जगलेल्या माणसाची फौजेतली वर्षं पंधरा ते वीस. उरलेली सत्तर घरची. स्मरणिकेत मात्र पलटणीला दहा पानं आणि घराला 'प्रेमळ पिता' एवढीच ओळ. ज्या माणसाने निवृत्तीनंतर विहीर पाडली, दोन बहिणींची लग्नं केली, भावाच्या मुलांना शिकवलं, त्याचं ते करणंही तारखांसह लिहिता येतं.

सातबाऱ्यावर गोल केलेले आकडे दिसतात, ते फेरफाराचे क्रमांक. त्या क्रमांकाच्या फेरफाराची नक्कल काढा. वाटणी कधी झाली, जमीन कुणाकडून घेतली, सोसायटीचा बोजा कधी चढला आणि कधी उतरला, विहिरीची नोंद कधी लागली, सगळं तारखेसह असतं. बोजा उतरल्याची नोंद म्हणजे त्या घराच्या आयुष्यातला मोठा दिवस असतो. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार ऑनलाइन मिळतात, बाकीच्यांसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करायचा. खूप जुनी नोंद मोडीत असेल, तर वाचणारा आधी शोधून ठेवा.

जन्मतारखेची शहानिशा करा. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये '१ जून' दिसला तर ती बहुधा गुरुजींनी नाव घालताना टाकलेली तारीख. फौजेत ती किंवा अंदाजे वय लागलेलं असतं. खरी तारीख गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात सापडण्याची शक्यता. तीन कागदांवर तीन तारखा निघाल्या तर तिन्ही छापा, प्रत्येकीसमोर कागदाचं नाव घाला.

आणि पत्रं. इनलँडवर ५६ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) की ९९ एपीओ ते बघा. ५६ दिल्लीमार्गे जाणारी डाक, ९९ कलकत्त्यामार्गे. आतल्या मजकुरात ठिकाण लिहायला बंदी असे, म्हणून पत्रात 'इकडे थंडी फार आहे' एवढंच सापडतं. पत्त्यावरून निदान पूर्व की पश्चिम ते कळतं. मनीऑर्डरची कुपनं फेकू नका. पैसे देताना पोस्टमन तो तुकडा घरच्यांना देई, आणि त्यावर दोन-तीन ओळींची जागा असे. रक्कम, तारीख, आणि खाली 'बैलाला पेंड घ्यावी, आईला डोळे दाखवावे, धाकटीची फी भरावी' असा मजकूर. अशी वीस कुपनं तारखेने लावली की माणूस घरात नसताना घर कसं चालवत होता ते समोर येतं. माझ्या मते स्मरणिकेतली सगळ्यात मोलाची पानं हीच.

पत्नीचं आयुष्य वेगळं विचारा आणि वेगळं लिहा. कोणत्या साली फॅमिली क्वार्टर मिळालं, किती काळ सोबत राहिल्या, सासरी एकट्या किती राहिल्या. लग्नाची आणि मुलांच्या जन्माची नोंद युनिट पार्ट टू ऑर्डरमध्ये (जवानांच्या वैयक्तिक नोंदींच्या आदेशपत्रात) प्रसिद्ध करत असे, त्यामुळे या तारखा फौजेच्या कागदातही मिळतात.

कोयनाकाठ

मेघना, हे फार महत्त्वाचं आहे. पानांचं प्रमाणच उलटं करायला हवं.

हयात असलेल्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करण्याबद्दल कुणी लिहील का?

अभय_बेळगाव

एक बैठक ४० मिनिटांच्या वर नको. सकाळी, न्याहारीनंतर. पंखा आणि टीव्ही बंद. मोबाइल टॉवेलची घडी करून त्यावर, तोंडापासून हातभर अंतरावर, विमान मोडमध्ये. टेबलावर थेट ठेवला तर प्रत्येक बोटाचा आवाज येतो. कानाला कमी ऐकू येत असेल तर प्रश्न मोठ्या अक्षरात कागदावर लिहून पुढे करा. ओरडून विचारलं की उत्तरं आखडती येतात.

'युद्धात काय झालं?' या प्रश्नाने सुरुवात करू नका. ठिकाणांपासून करा. भरती कुठे झाली, मोजमापाला कोण होतं, बेळगावला पहिल्या दिवशी जेवायला काय मिळालं, बराकीत शेजारी कुणाची चारपाई, कसम परेडला घरचं कुणी आलं होतं का. एक ठिकाण नक्की झालं की पुढचं आपोआप येतं. फोटो पुढे ठेवून विचारलं तर अधिक. दंडावर एक फीत लान्स नाईक, दोन नाईक, तीन हवालदार. त्यावरून फोटो कोणत्या वर्षांमधला ते बुकातल्या बढतीच्या तारखांशी जुळवता येतं. फोटोत पदकं उजव्या छातीवर दिसत असतील तर प्रिंट निगेटिव्हवरून उलटी निघालेली असू शकते. शर्टाची बटणपट्टी बघून खात्री करा.

एखाद्या प्रसंगाशी थांबले तर थांबू द्या. मेलेल्या सोबत्यांबद्दल उकरून विचारू नका. पण त्यांनी नाव घेतलंच तर ते नाव आणि गाव नीट लिहून घ्या. त्या घरालाही ते हवं असतं.

रानजाई

फोटो स्कॅन करायला किती डीपीआय?

पुराभिलेख

पासपोर्ट आकाराचे आणि छोटे ग्रुप फोटो ६०० डीपीआयवर, टिफमध्ये. पोस्टकार्डापेक्षा मोठे ३०० वर पुरतात. मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीने लिहिलेली नावं तिथेच असतात. काळ्या पानांच्या अल्बममध्ये चिकटवलेले फोटो सोलू नका, अख्खं पान स्कॅन करा. फाइलला नाव देताना साल आधी: '१९६८_बेळगाव_हवालदार_केडर'. साल अंदाजे असेल तर तसं नावातच घाला, नाहीतर नातवंडांना तो अंदाज पुरावा वाटतो.

निशिगंध

छापताना हुद्दा कसा लिहायचा? आणि अंत्यविधीला तिरंगा घालता येतो का? नेहमी वाद होतो.

पुराभिलेख

'सुभेदार अमुक तमुक (निवृत्त)'. हुद्दा आधी, 'निवृत्त' नावानंतर. 'निवृत्त सुभेदार' नको, हुद्दा निवृत्त होत नाही. ऑनररी लेफ्टनंट किंवा कॅप्टन मिळालं असेल तर 'ऑनररी' गाळू नका.

तिरंग्याचं: ध्वजसंहितेनुसार शासकीय, लष्करी किंवा केंद्रीय निमलष्करी इतमामातल्या अंत्यविधीतच ध्वज पांघरता येतो. घरच्यांनी आपणहून पांघरायचा नाही. इतमाम मंजूर असेल तर केशरी पट्टा डोक्याकडे, आणि ध्वज चितेवर किंवा दफनात जाऊ द्यायचा नाही. इतमाम नसेल तर ध्वजाऐवजी रेजिमेंटचं चिन्ह असलेली फुलांची रिंग ठेवतात, ते योग्य दिसतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला त्याच दिवशी फोन करा.

मेघना_वि

कागद हातात आहेतच तर एक पाहून घ्या. वय ८० झालं की पेन्शन आणि फॅमिली पेन्शन दोन्हींत मूळ रकमेवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि १०० ला १०० टक्के. पत्नीची जन्मतारीख पीपीओत (पेन्शनच्या आदेशात) नसेल किंवा चुकीची असेल तर ती वाढ सुरूच होत नाही, आणि आजी ८६ ची असूनही मूळ रकमेवरच राहते. 'स्पर्श' या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर तिचं प्रोफाइल उघडून तारीख तपासा. चूक असेल तर जन्माचा पुरावा जोडून दुरुस्ती मागा. आजोबा हयात असताना हे झालं तर सोपं जातं. त्यांच्या माघारी तिला एकटीला सगळे कागद उभे करावे लागतात.

कोयनाकाठ

छपाईबद्दल: ४८ ते ६४ पानं, डेमी आकार, फोटोंची पानं ९० जीएसएमपेक्षा जाड कागदावर, नाहीतर मागचा मजकूर दिसतो. शेवटी दोन कोरी पानं सोडा. पुस्तक वाटलं की 'हे राहिलं', 'ही तारीख अशी नव्हे' असं सांगणारी माणसं येतात, त्यांचं तिथे लिहून घ्यायचं. एक प्रत गावच्या वाचनालयात, एक शाळेत द्या. गावात १९१४-१९ ची 'या गावातून इतके लोक गेले' अशी संगमरवरी पाटी असेल, तर तिचा फोटो आणि अक्षरशः मजकूर पुस्तकात घाला. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीची पाटी सगळ्यांना माहीत आहे, बाकीच्या गावांतल्या कित्येक पाट्या रंगाखाली गेल्यात.

मोडी वाचणारे कुणी इथे असतील तर मेघनाच्या प्रतिसादाखाली लिहा. निशिगंध, पदकांच्या कडेचे फोटो याच धाग्यात टाका, नंबर वाचून देऊ. नंबराचे शेवटचे तीन आकडे मात्र झाकून टाका.